दोन बुध्या

हिराआजीला कोणी आपलं नाव सांगितलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "आयस कोन?" बापाचं नाव, आडनाव, गाव हे सगळं ती ऐकून घ्यायची, पण आईचं नाव आणि आईचं माहेर कळेपर्यंत समोरच्या माणसाची ओळख पटली असं ती मानायची नाही. माझ्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा मलाही तिने हेच विचारलं. मी सांगितलं. तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून दोन-तीनदा फिरवला आणि म्हणाली, "मंग तुजी आजी ती उजव्या गालावर मोठा तीळ व्हता ती. वज्रेश्वरीच्या जत्रंत बांगड्या भरायची." मी माझी आजी पाहिलेली नव्हती. घरी जाऊन आईला विचारलं, तर आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं?"

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. लूम सुरू असले की माझ्या काउंटरची काच थरथरत असते. हिराआजी अकलोलीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. पावसाळ्यात रानभाज्या, एरवी पळसाच्या पानांचे गठ्ठे. शेअर रिक्षातून उतरताना रिक्षावाला ओरडायचा, "दादी, थैला संभालो," आणि ती त्याला शांतपणे विचारायची, "तू कंचा? तुजी आयस कोन?" तो उत्तर प्रदेशातला. तरी शेवटी एकदा त्याने सांगितलं, आणि ते तिच्या लक्षात राहिलं. माझ्या दुकानाची पायरी ही तिची बसायची जागा.

ती धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हिराआजीने आसपासच्या पाड्यांवर चाळीसएक वर्षं लग्नं लावली. लग्न लावायचं म्हणजे दोन्हीकडची कुळं आधी ठाऊक हवीत, कारण एकाच कुळात सोयरीक चालत नाही. तिला लिहिता-वाचता अजिबात येत नव्हतं. जे होतं ते सगळं डोक्यात. "बुधवारी जलमला तो बुध्या, सोमवारी जलमला तो सोम्या," ती सांगायची. "हप्त्यात वार सात, पाड्यावर मानसं शंभर. सात नावांत शंभर मानसं कशी मावतील? आयस इचारली का मावतात."

एकदा एका साखरपुड्यात तिने ताटं मांडलेली असताना सगळं थांबवलं होतं. मुलाचे आणि मुलीचे आजे एकाच कुळातले निघाले. दोन्ही घरं तिच्यावर चिडली, मुलीची आई रडली. हिराआजी भर मांडवात उभी राहून म्हणाली, "माज्यावर रागवा. मी मरून जाईन, राग पन जाईल. पोरांचा नातं जायाचा नाय." हा प्रसंग मला तिच्याच पाड्यावरच्या बाईने सांगितला. तेव्हा मला ती अंमळ हट्टी म्हातारी वाटली होती.

विलास तिचा नातू. त्याचे आई-बाप तो लहान असतानाच गेले. हिराआजीने पानं विकून त्याला बारावीपर्यंत शिकवलं. वनरक्षकाच्या भरतीत त्याचं नाव लागलं तेव्हा तो धावतपळत माझ्याकडे आला. जमातीच्या दाखल्याची पडताळणी करायची होती. त्यासाठी स्वातंत्र्याच्या आसपासचा जुना पुरावा लागतो, आणि तो पुरावा ज्याच्या नावाचा आहे त्याच्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ. विलासने गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा आणला होता: 'बुध्या सोम्या, वारली'. त्याच्या पणजोबाचं नाव बुध्या सोम्या. आडनावाचा प्रश्नच नव्हता. तेव्हा आडनावं लिहीत नसत, आणि पुढे गुरुजींनी डोंगरावरच्या सगळ्याच पोरांना डोंगरे करून टाकलं. गाव जुळत होतं, नाव जुळत होतं. मी वंशावळ टाइप केली, प्रिंट काढली. त्या वेळी हिराआजी माझ्या पायरीवर बसून पानांचे गठ्ठे बांधत होती. माझ्या खुर्चीपासून आठ पावलांवर. तिला विचारावं असं विलासच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही. वाचता येत नाही, तिला काय विचारायचं?

विलासला प्रमाणपत्र मिळालं, नोकरी लागली. सहा वर्षांनी वरच्या पाड्यावरची सुनीता माझ्या दुकानात आली. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हातात पडताळणी कार्यालयाचं पत्र होतं. मी ते वाचलं. तिने पुरावा म्हणून तोच शाळेचा उतारा लावला होता, बुध्या सोम्या. कार्यालयाचं म्हणणं होतं की हा पुरावा आधीच विलास डोंगरे याच्या प्रकरणात वापरला गेला आहे. विलासच्या वंशावळीत सुनीताचं घराणं कुठेच नाही. म्हणजे सुनीता या बुध्याची वंशज नाही, किंवा कोणीतरी खोटी वंशावळ दिली आहे. पंधरा दिवसांत सुनावणी. हजर राहून खुलासा केला नाही तर दावा अमान्य.

"ताई, मी खोटं काही नाही लावलं," सुनीता म्हणाली. "तो माझ्या पणजोबाचाच दाखला हाय. घरात सगळे सांगतात, तो दुसरीपर्यंत शिकला."

विलासची वंशावळ मी भरली होती हे मी तिला त्या क्षणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पत्राची झेरॉक्स काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून अकलोलीला गेले. तिथून पाड्यापर्यंत चालत.

हिराआजी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी पत्र वाचून दाखवलं. तिने पेरांवर अंगठा फिरवला नाही. तशी गरजच पडली नाही.

"शाळंत गेला तो वरचा बुध्या," ती म्हणाली. "त्याची आयस मोहघरची. त्याचा एक पाय आखूड, बैलांमागं पळवत नसं, म्हनून बापानं शाळंत घातला. आमचा खालचा बुध्या, माजा सासरा. शाळंच्या दारात पन गेला नाय कदी. बैल राखायचा." ती थांबली. शेंग हातात तशीच राहिली. "विलासनं वरच्याचा कागद लावलाय?"

"मी लावलाय, आजी. फॉर्म मी भरला."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण ती नजर मला अजून आठवते. "मी पायरीवरच व्हती ना गं, बाय," ती म्हणाली. एवढंच.

विलासला मी फोन केला. रजा टाकून तो तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा मीही पाड्यावर होते. त्याने येतानाच सगळा विचार करून ठेवला होता. आजीसमोर उकिडवा बसून तो हळू आवाजात बोलला, जसं लहान मुलाला समजावतात तसं.

"आजे, सोपं हाय. बुध्या एकच. त्याच्या बायका दोन. एक वरच्या पाड्यावर, एक खालच्या. तुझी सासू धाकटी. सुनीताचं घर थोरलीचं, आपलं धाकटीचं. तू एवढंच सांग. तिचं पण काम होईल, माझं पण. कोणाचं वाईट होत नाही."

खरं सांगते, मला ते पटलं. त्या काळात दोन बायका असणं नवलाचं नव्हतं. सुनीता वाचत होती, विलास वाचत होता, मीही वाचत होते. मी म्हटलं, "आजी, तो म्हणतोय त्यात काही चूक नाही."

हिराआजीने शेंगांची सुपली बाजूला सरकवली.

"वरच्या पाड्यावरच्या पोरी खालच्या पाड्यावर दिल्यात आनि खालच्या वर दिल्यात," ती म्हणाली. "सात लग्नं. साती मी लावली. वरचं कूळ येगळं, खालचं येगळं, म्हनून लावली. बुध्या एक केला का कूळ एक झालं. मंग ती साती लग्नं भावा-बहिनींची झाली. त्यांच्या पोरांना काय म्हनायचं?"

"अगं, ते कागदापुरतं," विलास म्हणाला. "कागदावर लग्नं कोण बघतो?"

"कागद ऱ्हातो, असं तूच सांगतोस ना? मानूस जातो, कागद ऱ्हातो. उद्या त्यांचा नातू वाचील."

विलास उभा राहिला.  "माझी नोकरी जाईल, आजे. गुन्हा पण दाखल होईल. तू मला वाढवलंस ते यासाठी?"

 कोंबड्या अंगणभर फिरत होत्या, कोणी हाकलत नव्हतं. शेवटी हिराआजी म्हणाली, "आपल्या बुध्याचा कागद मी हुडकीन. पायानं चालवंल तवर हुडकीन. पन दुसऱ्याचा बापूस आपला म्हनायचा नाय, पोरा."

विलास निघून गेला. जाताना त्याने चपलाही नीट घातल्या नाहीत. हिराआजीने सुपली पुन्हा मांडीवर घेतली, पण तिच्या हातून शेंग सोलवेना.

सुनावणीला मी, सुनीता आणि हिराआजी अशा तिघी गेलो. वाटेत रिक्षात मी सुनीताला माझी चूक सांगितली. ती रिक्षाबाहेर बघत राहिली. उतरल्यावर ती माझ्या पुढे चालत गेली. तिच्या प्रवेशाच्या मुदतीला बारा दिवस उरले होते.

अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या, आवाज कोरडा. दोन्ही फायली त्यांच्या पुढ्यात उघड्या होत्या. त्यांनी हिराआजीला विचारलं, "तुम्ही म्हणता या नावाचे दोन गृहस्थ होते. पुरावा काय?"

"लग्नं हायती," हिराआजी म्हणाली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. दोन्ही बुध्यांच्या आया, त्यांची माहेरं, दोघांच्या बायका, कोणाला किती पोरं, जगली किती. आणि मग ती सात लग्नं. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा. तिचा आवाज एका लयीत होता, जणू मांडवातच उभी होती. बाईंचा कारकून आधी लिहीत नव्हता, मग लिहू लागला. पाचव्या लग्नापाशी बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"म्हणजे ही दोन्ही घराणी एकच असती तर ही लग्नं झालीच नसती."

"मी लावली नसती," हिराआजी म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "आजी, विलास डोंगरे तुमचा नातू ना? तुमच्या या जबाबानंतर त्याचं प्रकरण पुन्हा उघडेल. हे तुम्हाला कळतंय?"

"कळतंय."

"तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"नाय. तुमी इचारलात, म्हनून सांगितला. आदी कोनी इचारला नव्हता."

बाईंनी विलासच्या फायलीतला कागद पुढे ओढला. माझा टाइप मी लांबूनही ओळखला. "ही वंशावळ कोणी तयार केली?"

हिराआजी समोर बघत राहिली. तिने माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. मला कळत होतं की ती माझं नाव घेणार नाही. माझं मी सांगायचं आहे. दारापाशी बाकावर बसलेली मी उठून टेबलापाशी गेले. "मी केली, मॅडम. नाव आणि गाव जुळलं म्हणून केली. घरच्या मोठ्या माणसाला विचारलं नाही. मुलाने काही लपवलं नव्हतं, त्यालाही ठाऊक नव्हतं." त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि ताकीद दिली. बाहेर आल्यावर सुनीताने माझ्या हातात तिची पाण्याची बाटली दिली. 

सात लग्नांच्या घरी चौकशीचं पथक जाऊन आलं. मुदत संपायला दोन दिवस असताना सुनीताला तिचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच आठवड्यात विलासला नोटीस आली.

त्यानंतरचे महिने मी आयुष्यात विसरणार नाही. विलासने आजीशी बोलणं बंद केलं. पाड्यावर येणं बंद केलं. पाड्यावरची माणसंही दबक्या आवाजात म्हणायची, म्हातारीने पोराच्या पोटावर पाय दिला.  दर मंगळवारी ती माझ्या दुकानात यायची, पानं विकायची नाहीत, सरळ म्हणायची, "चल." आणि आम्ही कुठल्यातरी कार्यालयात जुनी रजिस्टरं बघायला जायचो. तिचा गुडघा सुजलेला असायचा. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आम्ही दोनदा पाहिल्या. खालचा बुध्या कुठेच नव्हता. त्याचा जन्म नाही, त्याच्या पोराचा जन्म नाही. विलासला खुलासा द्यायला मुदतवाढ मिळाली होती, तीही संपत आली.

एका मंगळवारी परतताना रस्त्याच्या कडेला ती एकदम थांबली. मला वाटलं गुडघा धरला. "आपन चुकीचं गाव बगतोय," ती म्हणाली. "माज्या दादल्याचा जलम हितं नाय. सासूचा पयला बाळतपन. पयला बाळतपन आयशीकडं व्हतं ना!"

सासूचं माहेर डोंगरापलीकडे, दुसऱ्या तालुक्यात. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. तिथल्या रजिस्टराचा कागद इतका जीर्ण होता की कारकून पान उलटताना श्वास रोखून धरायचा. काही नोंदी मोडी लिपीत होत्या. त्या वाचायला त्याने शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावलं. त्यांनी बोट ओळीखालून नेत नेत वाचायला सुरुवात केली. दुपार झाली. हिराआजी भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. मी प्रत्येक पानाबरोबर उरलेली पानं मोजत होते. सात उरली, सहा उरली.

"बाप बुध्या सोम्या, जात वारली, मुलगा झाला," गृहस्थ म्हणाले, आणि पुढे आमच्या गावाचं नाव वाचलं. "राहणार खालचा पाडा."

हिराआजीने डोळे उघडले. "आयस लिवलीय?"

"आईचं नाव लिहीत नसत तेव्हा, आजीबाई."

"मंग त्यांना कसा कळायचा कोनाचा ते," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

त्या नोंदीचा उतारा मी विलासला पाठवला, त्याने तो मुदतीत सादर केला. त्याच्या प्रकरणाचा निकाल लागायला आणखी बरेच महिने गेले. नोकरी राहिली. निकालाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पाड्यावर आला. मी तिथेच होते. आजीच्या गुडघ्याचं औषध घेऊन गेले होते. तो दारात उभा राहिला. ती चुलीपाशी होती.

"जेवलास?" तिने विचारलं.

"नाय."

तिने नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी ताटात घातली. तो मान खाली घालून जेवला. अर्धी भाकर झाल्यावर म्हणाला, "त्या डोंगरापलीकडच्या गावात आपलं कोण हाय आता?"

"तुज्या पंजीच्या भावाची मानसं असतील."

"जाऊन येतो मग एकदा," तो म्हणाला. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकर ठेवली. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही.

मागच्या थंडीत हिराआजीला न्यूमोनिया झाला. भिवंडीतल्या एका रुग्णालयात तिला आणलं. विलास लांबच्या नेमणुकीवर होता, त्याला पोचायला वेळ लागणार होता. सुनीता शिक्षण संपवून त्याच रुग्णालयात नर्स म्हणून लागली होती. दाखल करताना ती आणि मी टेबलाशी उभ्या होतो. फॉर्म भरणाऱ्याने सुनीताला विचारलं, "रुग्णाशी नातं काय? नात लिहू?"

नात लिहिलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. सह्या तिलाच करता आल्या असत्या.

"नाही," सुनीता म्हणाली. "नातं नाही. आमचं कूळ वेगळं."

स्ट्रेचरवर हिराआजीचे डोळे मिटलेले होते. नाकातोंडावर मास्क होता. तिने तो बोटाने जरासा उचलला आणि म्हणाली, "बराबर."

सह्या मी केल्या, ओळखीची म्हणून. सुनीताने आपल्या ड्युट्या बदलून घेतल्या आणि तीन दिवस तिच्या उशाशी राहिली. तिचं अंग पुसलं, केस विंचरले, चमच्याने पेज भरवली. तिसऱ्या दिवशी दुपारी विलास पोचला, तेव्हा आजीचा श्वास मंदावला होता. सुनीता उठली, खुर्ची त्याच्यासाठी मोकळी केली आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली. विलासने पडदा बाजूला केला, तिला आत बोलावलं आणि स्वतः कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. हिराआजी गेली तेव्हा तिचा एक हात त्याच्या हातात होता, एक सुनीताच्या.